कंत्राट कोणाला द्यावे?

मागच्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. समोर दोन नव्या खोल्यांचे काम चालले होते. वाळूच्या ढिगाशी चार-पाच बाया घमेली भरीत होत्या, आणि त्यांची पोरे तिथेच धुळीत खेळत होती. काम कोणी घेतले आहे, असे मी सहज विचारले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाहेरचा ठेकेदार आहे. २४ टक्के बिलो भरून काम उचललं त्यानं." बिलो म्हणजे इस्टिमेटपेक्षा कमी, हे तुम्हांला सांगायला नकोच. मग गुरुजी थोडे थांबले आणि म्हणाले, "सिमेंटचा भाव सगळ्यांना सारखाच. लोखंडाचाही सारखाच. मग २४ टक्के कमी कुठून करतो माणूस? एक तर माल मारतो, नाही तर मजुरी मारतो. आणि आमच्या गावची दहा-बारा पोरं दोन वर्षं पारावर बसून आहेत. टेंडरात असं लिहिता येत नाही का, की काम घेणाऱ्यानं यांतल्या चौघांना तरी घ्यावं, आणि मजुरी कायद्याप्रमाणे द्यावी? का सरकारनं फक्त आकडाच बघायचा?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यावर युरोपातल्या मोठमोठ्या कायदेपंडितांनी गेली काही दशके डोकी झिजवली आहेत. गुरुजींनी विचारले तेच तिथल्या खेड्यांनी, शहरांनी, प्रांतांनी विचारले, आणि त्याचे उत्तर लक्झेंबर्ग येथील न्यायालयाला एकदा नव्हे, अनेकदा द्यावे लागले. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण दुसऱ्याच्या शेतातली नांगरट पाहिली म्हणजे आपल्या जमिनीचाही कस कळतो.

प्रथम हा पैसा किती आहे ते पाहू. युरोपीय संघात सत्तावीस देश आहेत. त्यांतली सरकारे, प्रांत, नगरपालिका, इस्पितळे, विद्यापीठे अशा अडीच लाखांहून अधिक सार्वजनिक संस्था वस्तू विकत घेतात आणि कामे करवून घेतात. या खरेदीची वर्षाची बेरीज तिथल्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या १४ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे शंभर रुपयांची उलाढाल झाली, तर त्यातले चौदा रुपये सरकारी कंत्राटांचे. एवढे मोठे गिऱ्हाईक बाजारात दुसरे नाही. आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने "मला स्वस्त हवे, बाकीचे मला काही विचारायचे नाही" म्हटले, तर बाजार तसा वळतो. "स्वस्त हवे, पण माणसाला पिळून स्वस्त केलेले नको" म्हटले, तर तसा वळतो.

आता तुम्ही म्हणाल, मग म्हणावे की! अडचण काय?

अडचण अशी, की युरोपातला कंत्राटांचा कायदा मुळात गरिबांसाठी केलेलाच नव्हता. १९५७ साली रोम येथे सहा देशांनी एक करार केला, आणि आपसांत एकच बाजारपेठ करायचे ठरवले. जकाती उठल्या, पण एक भिंत उभीच राहिली. फ्रान्सचे सरकार फ्रेंच कंपनीलाच काम द्यायचे, इटलीचे सरकार इटालियन कंपनीला. कागदावर बाजार मोकळा, प्रत्यक्षात दार बंद. ती भिंत पाडायला १९७१ साली सार्वजनिक बांधकामांच्या कंत्राटांबद्दल पहिला मोठा निर्देश निघाला. निर्देश म्हणजे असा हुकूम, की ज्याच्याप्रमाणे प्रत्येक देशाने आपापला कायदा बदलून घ्यायचा. मोठ्या कामाची जाहिरात सगळ्या देशांना कळेल अशी द्या. कोणालाही टेंडर भरू द्या. आणि निवड करताना एक तर सर्वांत कमी दर पाहा, नाही तर सर्व बाजूंनी अधिक फायद्याची निविदा कोणती ते पाहा. झाले. वशिला मोडणे हा त्या कायद्याचा हेतू होता. त्यात बेकार नव्हता, अपंग नव्हता, मजूर बाई नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघतो. "आमच्या बेकारांना काम द्या" या वाक्यात करुणा असते, तसा कधीकधी वशिलाही लपलेला असतो. दोन्ही एकाच कोटात येतात. कोणते कोणते ते ओळखायचे कसे?

पहिली परीक्षा हॉलंडात झाली, आणि ती शेतीच्या कामावरून झाली. अॅमस्टरडॅमच्या उत्तरेला वॉटरलँड नावाचा सखल, पाणथळ मुलूख आहे. तिथे जमिनींचे एकत्रीकरण चालले होते. हे आपल्याला परके नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा झाला, आणि त्याच्या गटवारीच्या आठवणी, म्हणा किंवा भांडणे म्हणा, आपल्या गावांतून अजून निघतात. हॉलंडातही विखुरलेली शेते जोडायची, रस्ते करायचे, पाण्याचे पाट काढायचे, असे काम होते, आणि त्यासाठी एक स्थानिक समिती नेमलेली होती. त्या समितीने टेंडर मागवले. बेंट्येस बंधू या कंपनीचा दर सर्वांत कमी होता. पण काम मिळाले तिच्या वरच्या दराच्या ठेकेदाराला. का? तर समितीच्या मते बेंट्येस यांना त्या प्रकारच्या कामाचा पुरेसा अनुभव नव्हता. त्यांची निविदा कमी स्वीकारार्ह दिसत होती. आणि दीर्घकाळ बेकार असलेल्या माणसांना कामावर घेणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. कामावरच्या माणसांपैकी निदान ७० टक्के माणसे सेवायोजन कचेरीमार्फत, दीर्घकाळ बेकार असलेल्यांतून घ्यावीत, अशी अट कागदपत्रांत होती.

बेंट्येस कोर्टात गेले. हेगच्या न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला धाडला, आणि २० सप्टेंबर १९८८ रोजी निकाल लागला. समितीचे पहिले म्हणणे, की आम्ही म्हणजे सरकार नव्हे, ते न्यायालयाने उडवून लावले. सरकार तुम्हांला नेमते, सरकार पैसा देते, मग तुम्ही सरकारच. बेकारांच्या अटीबद्दल मात्र न्यायालयाने मोठे सावध उत्तर दिले. ते म्हणाले, ही अट ठेकेदाराची ऐपत किंवा कसब तपासण्याची नव्हे, आणि निविदा निवडण्याची कसोटीही नव्हे. ती एक वेगळीच, जादा अट आहे. अशी अट घालायला कायद्याची बंदी नाही. पण दोन गोष्टी पाळा. एक, जाहिरातीत ती अट आधीच उघड सांगा. दुसरी, तिच्यामुळे परदेशी ठेकेदाराला आडून अडवले जाता कामा नये. ती अट फक्त देशी ठेकेदारालाच पुरी करता येत असेल, किंवा परक्याला ती पाळणे जड जात असेल, तर ती बेकायदा.

मला हा निकाल फार आवडतो, आणि त्याचे कारण सांगतो. न्यायाधीशांनी समितीच्या मनातल्या दयेची चौकशी केली नाही. त्यांनी विचारले एवढेच: आधी सांगितले होते का? आणि सगळ्यांना सारखे होते का? गुरुजींच्या प्रश्नाला पहिले उत्तर इथेच मिळते. चौघा बेकारांना कामावर घ्या, असे लिहिता येते. "आमच्याच गावच्या ठेकेदाराला द्या" असे लिहिता येत नाही.

त्या दोहोंतले अंतर किती बारीक आहे ते इटलीच्या उदाहरणावरून दिसते. इटलीचा दक्षिण भाग, ज्याला तिथे मेझोजोर्नो म्हणतात, तो उत्तरेच्या मानाने मागास. तिथले कारखाने जगावेत म्हणून इटलीने कायदा केला, की सरकारी संस्थांनी आपल्या खरेदीपैकी निदान ३० टक्के माल दक्षिणेतल्या कारखान्यांकडूनच घ्यावा. कारारा येथल्या एका सरकारी आरोग्य संस्थेने क्ष-किरणाच्या फिल्मा आणि द्रावणे घेताना तसा वाटा राखून ठेवला. एका मोठ्या कंपनीने त्याला हरकत घेतली, आणि २० मार्च १९९० रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ती राखण मोडून काढली. हेतू चांगला होता. मागास भागाला हात द्यायचा होता. पण ती अट माणसाची गरज पाहत नव्हती, माल कुठल्या मुलखात झाला एवढेच पाहत होती, आणि बाकीच्या सगळ्या युरोपला दार लावत होती. आपल्याला हा निकाल कठोर वाटेल. दक्षिण इटलीच्या कामगाराला तर नक्कीच वाटला असेल. पण सहा-बारा देश एका बाजारात आले, आणि प्रत्येकाने आपापल्या मागास भागाची राखण घातली, तर बाजार उरतो कुठे, हाही प्रश्न होताच.

आता थोडे बारकाईने पाहू, कारण कायद्याची सगळी खुबी इथे आहे. कोणतेही कंत्राट तीन उंबरठे ओलांडून जाते. पहिला उंबरठा पात्रतेचा: हा माणूस हे काम करू शकेल का, याच्याकडे यंत्रे, अनुभव, पैसा आहे का, याने पूर्वी कर बुडवले, कामगारांचे कायदे मोडले असे तर नाही? दुसरा निवडीचा: जे पात्र ठरले त्यांच्यांत कोणाची निविदा सरस? गुण इथे मिळतात. तिसरा काम करताना पाळायच्या अटींचा: काम घेतल्यावर काय काय केलेच पाहिजे? बेंट्येस यांच्या प्रकरणात बेकारांची अट तिसऱ्या उंबरठ्यावरची होती. मग वादाला तोंड फुटले ते असे, की सामाजिक गोष्टींना दुसऱ्या उंबरठ्यावर, म्हणजे गुण देताना, जागा आहे का?

युरोपीय आयोगाचे म्हणणे होते, नाही. आणि हा वाद पेटला शाळांवरूनच. फ्रान्सच्या उत्तरेला नोर-पा-द-काले नावाचा प्रांत होता; कोळशाच्या खाणी बंद पडल्यामुळे तिथे बेकारी फार. तिथे शाळांच्या इमारती बांधण्याची आणि राखण्याची कामे काढताना, बेकारी हटवण्याच्या स्थानिक योजनेला ठेकेदार कसा हातभार लावील, हीही एक जादा कसोटी ठेवली. आयोगाने फ्रान्सला कोर्टात खेचले. २६ सप्टेंबर २००० रोजी न्यायालय म्हणाले, निवड करताना अशी कसोटी लावायला सर्वस्वी मनाई नाही. फक्त ती जाहिरातीत सांगितलेली हवी आणि भेदभाव करणारी नसावी. हा भाग निकालात इतका आटोपशीर आहे, की त्याचा नेमका अर्थ काय यावर कायद्याचे प्राध्यापक वर्षानुवर्षे भांडत राहिले. असो.

अर्थ अधिक स्वच्छ झाला तो हेलसिंकीच्या बसगाड्यांमुळे. फिनलंडच्या त्या राजधानीने शहरातल्या बससेवेचे कंत्राट काढले, आणि ज्याच्या गाड्या धूर कमी सोडतील, आवाज कमी करतील त्याला जादा गुण ठेवले. काम शहराच्याच वाहतूक विभागाला मिळाले. कॉन्कॉर्डिया नावाची कंपनी हरली, आणि म्हणाली, "वायूवर चालणाऱ्या गाड्या कोणाकडे आहेत ते शहराला ठाऊक होते. त्यांना समोर ठेवूनच हे गुण मांडले आहेत." संशय रास्त होता, आपणही तोच घेतला असता. पण १७ सप्टेंबर २००२ रोजी न्यायालय म्हणाले, एखादी कसोटी थोड्याच जणांना पुरी करता येते, एवढ्यावरून ती पक्षपाती ठरत नाही. स्वच्छ हवा हा नागरिकांचा फायदा आहे, आणि फायदा म्हणजे फक्त नगरपालिकेच्या तिजोरीत वाचलेला पैसा नव्हे. मात्र कसोटीचा संबंध घेतल्या जाणाऱ्या कामाशीच हवा. अधिकाऱ्याला मनमानी करायला मोकळे रान मिळता कामा नये. कसोटी आधी जाहीर केलेली हवी. आणि सर्वांना समान वागणूक हवी.

यांतली पहिली अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाला भोवली. तिथे सरकारी कचेऱ्यांसाठी वीज घ्यायची होती, आणि सूर्य, वारा, पाणी यांच्यापासून केलेल्या विजेला ४५ टक्के गुण ठेवले होते. गुण जास्त ठेवले म्हणून न्यायालयाने हरकत घेतली नाही. हरकत ही, की कचेऱ्यांना लागणार होती त्याच्याहून जादा अशी वीज कंपनी दुसऱ्यांना किती पुरवू शकते, त्यावर गुण मोजले होते. मी तुमच्याकडून दोन घागरी पाणी घेणार, आणि गुण देणार तुमच्या विहिरीत एकूण पाणी किती त्यावर! शिवाय विजेविषयीचे सांगणे खरे की खोटे हे तपासायची सोयही ठेवली नव्हती. २००३ च्या डिसेंबरात ती कसोटी रद्द झाली.

आता कॉफीची गोष्ट. हॉलंडमधल्या उत्तर हॉलंड प्रांताने २००८ साली आपल्या कचेऱ्यांतल्या कॉफीच्या यंत्रांचे कंत्राट काढले. कचेरीतले लोक कॉफी पिणार, पण ती पिकवणारा शेतकरी राहतो हजारो मैलांवर. त्याला धड भाव मिळाला की नाही, हे कंत्राटात पाहता येते का? हॉलंडात 'माक्स हावेलार' नावाचा शिक्का आहे. १८६० साली मुल्टाटुली या लेखकाने त्याच नावाची कादंबरी लिहिली. डच राजवटीत जावा बेटावरच्या शेतकऱ्यांना कॉफीसाठी कसे पिळले जाई, ते तिने डच लोकांना सांगितले. त्या नावाचा शिक्का १९८८ साली निघाला, आणि तो असलेली कॉफी म्हणजे लहान शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेली कॉफी. प्रांताने टेंडरात हा शिक्का आणि सेंद्रिय शेतीचा आणखी एक शिक्का यांची नावे घातली.

१० मे २०१२ रोजी न्यायालयाने हॉलंडला दोषी ठरवले, आणि तरीही शेतकरी जिंकला असे मी म्हणेन. दोष कशाबद्दल? तर शिक्क्याचे नाव घातले, त्याच्यामागचे निकष लिहिले नाहीत, आणि त्याच तोडीचा दुसऱ्या कोणाचा पुरावा चालेल असे सांगितले नाही. एखादा परदेशी व्यापारी शेतकऱ्याला तितकाच भाव देत असेल, पण त्याच्याकडे तो शिक्का नसेल, तर त्याने काय करावे? शिवाय "समाजाची जबाबदारी ओळखून धंदा करावा" असे मोघम वाक्य टेंडरात होते. त्याचा अर्थ कोणी कसाही लावील, म्हणून तेही गेले. पण मूळ मुद्द्यावर न्यायालय काय म्हणाले? शेतकऱ्याला रास्त भाव मिळणे हा कॉफीच्या चवीत उतरणारा गुण नसला, तरी निवडीची कसोटी म्हणून तो धरता येतो. गिऱ्हाईक सोडून तिसऱ्याच माणसाचे हितही पाहता येते. आपण माल घेतो तेव्हा त्याच्या मागचे हातही घेतो, हे एका मोठ्या न्यायालयाने कंत्राटाच्या रुक्ष भाषेत कबूल केले.

पुढे २०१४ साली नवा निर्देश झाला, त्यात हे सगळे लिहूनच टाकले. मालाच्या निर्मितीची रीत, व्यापाराची रीत, हीही निवडीच्या कसोटीत धरता येईल. ठरावीक शिक्काही मागता येईल, पण तो सर्वांना खुल्या निकषांवर मिळणारा हवा आणि तोडीस तोड दुसरा पुरावा चालला पाहिजे. त्याबरोबर एक कुंपणही घातले. ठेकेदार कंपनी एकंदरीत किती सज्जन आहे, ती देणग्या किती देते, असले काही विचारायचे नाही. तुमची ही कॉफी, तुमची ही इमारत, तुमचे हे काम, एवढ्यापुरतेच विचारायचे. मला हे कुंपण पटते. नाही तर देवळाला कळस चढवणारा ठेकेदार मजुरांना उपाशी ठेवूनही पहिला यायचा!

मजुरीचा प्रश्न मात्र यापेक्षा अवघड निघाला, आणि त्यात न्यायालयाचे पाऊल घसरले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याचा कायदा होता, की सरकारी बांधकामावरच्या मजुरांना त्या भागातल्या कामगार संघटना आणि मालक यांनी ठरवलेली मजुरी द्यावी. ग्योटिंगेनजवळ एका तुरुंगाचे बांधकाम निघाले. ठेकेदाराने पोलंडच्या एका कंपनीला पोटठेका दिला. पुढे उघडकीस आले, की तिथल्या ५३ मजुरांना ठरलेल्या मजुरीच्या निम्मीही मिळत नव्हती; शेकडा ४६.५७ एवढीच मिळत होती. सरकारने कंत्राट मोडले. आणि ३ एप्रिल २००८ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले, की तो कायदाच युरोपच्या नियमांत बसत नाही. का? तर ती मजुरी सगळ्या उद्योगाला बंधनकारक म्हणून जाहीर झालेली नव्हती. ती फक्त सरकारी कामाला लागू होती. शेजारच्या खासगी कामावरचा मजूर तिच्यावाचून चालतो, तर सरकारी कामावरच्याच मजुराला तिचे संरक्षण हवे हे कशावरून, असे न्यायालयाने विचारले. हा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात बसतो, पण मनात बसत नाही. सरकारने आपल्या घरापुरते तरी नीट वागावे, याला "मग सगळ्यांच्या घरी का नाही?" हे उत्तर होत नाही. आणि हा विचार युरोपला नवा नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने १८९१ सालीच रास्त मजुरीचा ठराव करून सरकारी ठेकेदारांवर अट घातली होती, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ साली त्याच तत्त्वाचा करार केला होता.

पुढचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावे असे आहेत. डॉर्टमुंड शहराला जुनी कागदपत्रे संगणकावर चढवून घ्यायची होती. कायद्याप्रमाणे तासाला निदान ८.६२ युरो द्या, अशी अट होती. काम घेऊ इच्छिणारी कंपनी ते सगळे पोलंडात करवून घेणार होती. १८ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालय म्हणाले, पोलंडात बसून काम करणाऱ्याला जर्मनीच्या महागाईवर बेतलेली मजुरी सक्तीने लागू करता येणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लांडाऊ या गावाच्या टपालवाटपाचा खटला आला. तिथे तासाला ८.७० युरोंची अट होती. एका टपाल कंपनीने तसे लेखी हमीपत्र द्यायचे नाकारले, म्हणून तिला बाद केले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी न्यायालयाने ते बाद करणे योग्य ठरवले. टपाल लांडाऊच्याच दारोदार वाटायचे होते, आणि किमान मजुरीचा आकडा थेट कायद्याने ठरवलेला होता. तुरुंगाच्या निकालाने जे हिरावले, त्यातले बरेचसे इथे परत मिळाले. दरम्यान जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून सगळ्या देशाला एकच किमान मजुरी लागू केली, तासाला ८.५० युरो, आणि वादाचे मूळच पुष्कळसे उपटले गेले. दुसऱ्या देशातून कामावर पाठवलेल्या मजुरांविषयीचा युरोपचा नियमही २०१८ साली त्यांच्या बाजूने सुधारला.

शाळेच्या वाळूच्या ढिगाशी पुन्हा येतो. २४ टक्के बिलो! २०१४ च्या निर्देशात याच्यावर एक कलम आहे, आणि ते मला सर्वांत उपयोगाचे वाटते. निविदा फारच कमी दराची दिसली, तर ती मुकाट्याने स्वीकारायची नाही. ठेकेदाराला लेखी विचारायचे, की एवढे स्वस्त तुला परवडते कसे? त्याच्याकडे चांगली यंत्रे असतील, नवी युक्ती असेल, तर ठीक. पण कामगारांचे कायदे मोडून तो दर कमी झाला असे दिसले, तर ती निविदा नाकारलीच पाहिजे. नाकारता येईल असे नव्हे, नाकारलीच पाहिजे.

दुसरी एक सोय अपंगांसाठी आणि समाजात मागे पडलेल्यांसाठी आहे. ज्या संस्थेतल्या कामगारांपैकी निदान ३० टक्के लोक असे असतील, तिच्यासारख्या संस्थांपुरतेच टेंडर मर्यादित ठेवता येते. धुलाई, बागकाम, छपाई, कागदपत्रांचे काम अशा गोष्टींना ते चांगले लागू पडते. इटलीत १९९१ सालच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचा एक प्रकार मान्य केला, त्यातही हाच ३० टक्क्यांचा आकडा आहे. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांसाठी लहान कामे बाजूला ठेवण्याची रीत जुनीच आहे. तिचे बरेवाईट अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असतील. युरोपच्या सोयीत फरक इतकाच, की ती संस्था कुठल्याही देशाची असली तरी चालते. मुलूख पाहायचा नाही, आत काम कोण करतो ते पाहायचे. आणि हे सर्व नियम मोठ्या कामांना आहेत बरे का. बांधकामाच्या बाबतीत ५० लाख युरोंहून काहीशा मोठ्या रकमेच्या वरची कामे यात येतात. लहान कामांना प्रत्येक देशाचा आपापला कायदा, मात्र समान वागणुकीचे मूळ तत्त्व तिथेही पाठ सोडत नाही.

इतके सगळे लिहून झाल्यावर प्रत्यक्षात काय होते? युरोपीय आयोगानेच २०१७ साली कबूल केले, की ५५ टक्के कंत्राटांत अजूनही सर्वांत कमी दर हीच एकुलती एक कसोटी असते. कायदा करू देतो, पण कारकून करीत नाही. त्याला दोष देणेही सोपे नाही. आकडा आकडाच असतो, त्यावर कोणी खटला भरीत नाही. बेकारांना घेण्याबद्दल दहा गुण ठेवले, तर हरलेला ठेकेदार वकील घेऊन येतो, आणि काम दोन वर्षे लटकते. म्हणून अशा अधिकाऱ्यांसाठी आयोगाने सामाजिक खरेदीवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, आणि २०२१ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली.

आणि नंतरची देखरेख? टेंडरात अट घातली, ठेकेदाराने सही केली, पण चौथ्या महिन्यात जागेवर जाऊन माणसे कोण मोजतो? मजुरीचा हजेरीपट कोण पाहतो? हे काम न्यायालयाचे नाही. ते ज्याने काम दिले त्याचे. मी मुख्याध्यापकांना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी तेवढेच विचारले. मग खिशातून वही काढली, समोर घमेली वाहणाऱ्या बायांकडे गेले, आणि रोज काय मिळतो ते एकेकीला विचारून लिहून घेऊ लागले.